आवाजाचा रकाना

बोलता बोलता ते एकदम उजवा पंजा वर करायचे. चहाचा कप ओठाशी आलेला असला तरी तिथंच थांबायचा. मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले. "कान दे," म्हणायचे. मग शोरूममध्ये जो कोणी असेल तो गप्प व्हायचा. गिऱ्हाईक, मेकॅनिक, खुद्द मालकसुद्धा. बाहेरच्या रस्त्यावरून एखादी मोटारसायकल निघून जायची आणि आबा डोळे उघडून निकाल द्यायचे, "चेन ढिली हाय. आन् बसणारा वडगावचा."

चेनचं एक वेळ ठीक, पण बसणाऱ्याचं गाव कसं कळलं, असं मी एकदा विचारलं. "वडगाव निंबाळकरची माणसं गिअर टाकताना क्लच पुरता दाबत न्हाईत. घाई असती त्यास्नी," ते म्हणाले. खरं-खोटं तुम्हीच बघा. मी तेव्हापासून वडगावचा माणूस दिसला की त्याच्या डाव्या हाताकडे बघतो.

त्यांचं नाव सांगत नाही. आमच्या भागात आबा पैशाला पासरी, म्हणून यांना सगळे कानवाले आबा म्हणत. मी बारामतीत एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये अभिप्राय लिहून घ्यायचं काम करतो. गिऱ्हाईक गाडीवर चक्कर मारून आलं की त्याच्यापुढं छापील फॉर्म ठेवायचा. सीट, ब्रेक, ॲव्हरेज, आवाज असे रकाने. आमची माणसं गाडी वाटेल तशी पळवतील, पण हातात पेन दिलं की त्यांना घरची कामं आठवतात. त्यामुळं ते बोलतात आणि मी लिहितो. आबा मला कारकून म्हणत.

ते स्वतः साखर कारखान्यात फिटर होते. सगळी नोकरी उसाच्या गिरणीपाशी गेली, जिथं शेजारच्या माणसालाही कानात ओरडून सांगावं लागतं. त्यांच्याकडे एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. बेअरिंग जाणार असलं तर ते दोन दिवस आधी सांगत. एकदा म्हणे त्यांनी गिरणी थांबवा म्हणून सांगितलं आणि नवे साहेब हसले. दुसऱ्या दिवशी तेच साहेब बंद गिरणीपुढं डोक्याला हात लावून बसले होते. ही गोष्ट मी आबांच्या तोंडून कधी ऐकली नाही. बाकी सगळ्या तालुक्याच्या तोंडून ऐकली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पाय पुढं टाकून ऐसपैस बसायची एक क्रूझर घेतली. काटेवाडीच्या बाजूला आतल्या रस्त्यावर त्यांची वस्ती. रोज सकाळी तिथून यायचे, आमच्याकडे पेपर वाचायचे, चहा घ्यायचे आणि फुकट निकाल द्यायचे.

दसऱ्याच्या आधी त्याच क्रूझरचं नवं मॉडेल आलं. सगळा नकाशाच बदललेला. सीट खाली, हॅन्डल जवळ, मागचं टायर रुंद, चकाकणाऱ्या पत्र्याच्या जागी बिनचमकेचा काळा रंग. बारामती-इंदापूरची हौशी मंडळी चक्कर मारायला लोटली आणि माझं पेन थांबेना.

इंदापूरचे एक डाळिंबवाले म्हणाले, "आरसं लय बारीक केल्यात. मागनं कोण येतंय ते कळाय नको का?" भिगवणचा मासळीचा व्यापारी लांब चक्कर मारून आला आणि म्हणाला, "समदं झ्याक हाय, पण मागची सीट अशी उतरती केलीया, बायको बसवायची कुठं?" मी लिहायला लागलो तसा घाईनं म्हणाला, "बायको लिवू नका. मासळीची पेटी लिवा." कापडदुकानवाले चाचा गाडीभोवती दोनदा फिरले आणि बसलेच नाहीत. "नवरदेवाला काळी गाडी द्यायची म्हणजे सासऱ्याची अब्रू जायची," एवढंच बोलले. वडगावच्या एक शिक्षिका मात्र खूश होत्या. जुन्या गाडीवर सिग्नलला त्यांचे पाय वाऱ्यावर असायचे, ते आता टेकले.

आवाजाच्या रकान्यात सगळ्यांचं एकच. जरा मऊ झालाय, पण दमदार आहे.

आबा चक्कर मारून परत आले आणि उतरलेच नाहीत. गाडी उभी करून मला विचारलं, "चालू हाय का बंद?" गाडी चालू होती. आम्ही सगळे हसलो. आबांनी टोमणा मारला तर तो असाच मारणार.

"लिव. आवाज न्हाय."

"कमी आहे म्हणू का, आबा?"

"कमी न्हाय. न्हायच." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "ऊस डोक्याच्या वर गेला की वळणावर डोळ्यांचा उपेग काय? आमच्या वस्तीच्या वळणावर माणूस कानाच्या जिवावर रस्ता वलांडतो. ही गाडी माणूस खाणार बघ, कारकुना."

मागून मेकॅनिक ओरडला, "आबा, हितवर ऐकू येतीया की!" आबांनी वळूनही पाहिलं नाही. आम्हाला वाटलं, त्याला किंमत दिली नाही. मी रकान्यात लिहिलं, आवाज नाही.

त्यानंतर त्यांचं तेच सुरू झालं. घरात नवा कुकर आणला होता, तो शिट्टीच करत नाही. फोनची घंटी या लोकांनी बारीक केलीय. एसटीच्या नव्या गाड्या मांजरासारख्या येतात. "समद्या कंपन्यांचं संगनमत हाय," ते म्हणायचे, "मानसाला सावध करायचंच न्हाय असं ठरवलंय." आम्ही माना डोलवायचो. आबांना ऐकू येत नाही म्हणजे आवाजच नाही, इतका सरळ हिशेब होता. कानवाल्या आबांच्या कानावर शंका घ्यायची ती कुणी? काही गिऱ्हाईकांनी तर त्यांच्या सांगण्यावरून गाडी घ्यायचं पुढं ढकललं आणि मालक माझ्यावर चिडले.

मग एका सकाळी आबा म्हणाले, "तूच बघ. गाडी घेऊन वळणावर ये. मी रस्त्याच्या कडंला पाठ करून हुबा ऱ्हातो. ऐकू आली की हात वर करीन."

मालक म्हणाले, जा बाबा आणि एकदा हे मिटव. मी गेलो. त्या आतल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस असा माजला होता की वर फक्त आभाळाची पट्टी राहिली होती. वळण घेतलं तर आबा कडेला उभे. पाठ माझ्याकडे, मान कललेली, पंजा मांडीशी तयार. डोक्यावर एक टिटवी घिरट्या घालत कर्कश ओरडत होती. मी हळूहळू जवळ गेलो. हात वर झाला नाही. दहा पावलांवर आलो. हात खालीच. मला वाटलं, मजा करतात. हॉर्न दिला. मग जोरात दिला. शेवटी पुढचं चाक त्यांच्या धोतराला टेकेल इतक्यावर गाडी आणली आणि ॲक्सिलरेटर पिरगळला. आबा शांत उभे होते. स्वतःशीच, पण मोठ्यानं म्हणाले, "अजून न्हाय आली."

मी गाडी बंद केली, ढकलत मागं नेली आणि बराच वेळ उसाच्या आडोशाला थांबलो. मग चालत पुढून जाऊन त्यांच्या समोर उभा राहिलो.

"आलास व्हय? गाडी कुठाय?" त्यांनी विचारलं. मग वर बघत म्हणाले, "यंदा टिटव्या बी कुठं गेल्या कुणास ठावं. दिसत्यात, पर वरडत न्हाईत."

कुकर कंपनी करते, फोन कंपनी करते. टिटवी कुठली कंपनी करते? तेव्हा सांगायला हवं होतं. पण ते इतक्या आशेनं बघत होते. त्या माणसाकडे दुसरं होतं काय? पैसा बेताचा, मूलबाळ नाही, आयुष्यभराची कमाई म्हणजे ते दोन कान.

"तुमचं बरोबर आहे, आबा," मी म्हणालो. "आवाज नाहीच."

त्यांचा चेहरा उजळला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मंग आता वळणाचं बघाय पायजे."

बघाय पायजे म्हणजे काय ते मला चार दिवसांनी त्यांच्या बायकोकडून कळलं. आम्ही त्यांना आक्का म्हणत असू. त्या शोरूमच्या दारात आल्या, आत आल्याच नाहीत. आबा आता रोज सकाळी वळणावर उभे राहत होते. वस्तीवरच्या बायका खुरपायला पलीकडच्या रानात जायच्या. आबा पंजा वर करून त्यांना थांबवायचे, मान कलती करून ऐकायचे, आधी स्वतः रस्त्यात जायचे आणि मग "या" म्हणायचे.

"त्यास्नी ऐकू येत न्हाय, भाऊ," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "मला दोन वर्सं झाली ठावं हाय. मी बोलले तर जेवत न्हाईत. तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात."

मी म्हटलं, सांगतो.

आणि मी ठरवलंही होतं. रोज ठरवत होतो. घटस्थापना झाली, दसरा झाला. एकदा धीर करून त्यांच्यासमोर बसलो आणि सावकाश म्हणालो, "आबा, एकदा कान दाखवायचे का डॉक्टरला?" त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कवापासनं कमी येतंय तुला? लाजू नगं, कारकुना. मी येतो संगं."

इतक्या मायेनं विचारलं की मी म्हटलं, दिवाळीनंतर जाऊ. ते दिवाळीनंतर आठवण करून देत राहिले, मीच टाळत राहिलो. रोज कामावर येताना पहिली नजर त्यांच्या खुर्चीकडे जायची. ते दिसले की हायसं वाटायचं, आणि त्यांच्या बोटानं टेबलावर धरलेला ताल ऐकला की आज नको, उद्या बोलू, असं व्हायचं.

दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. तुम्ही आमच्याकडे हंगामात आला असाल तर दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर पाहिले असतील. पाहायच्या आधी ऐकले असतील. ड्रायव्हर पुढं-मागं कर्णे बांधतात आणि गाणी अशी लावतात की पत्रे थरथरतात. पार लांबच्या डाळज गावाहून ट्रॅक्टर निघाला तर आपल्या गावापर्यंत त्याची वरात कळते, असं लोक गमतीनं म्हणतात. आबा एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले, "यंदा ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी बंद केली, बरं झालं." त्या वेळी आमच्या दारातूनच एक ट्रॅक्टर वाजत चालला होता. मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म चाळत राहिलो.

त्या सकाळी त्यांची खुर्ची रिकामी होती. चहा आला आणि निवला. दहाच्या सुमाराला फोन आला.

वळणावरचा उसाचा फड अजून तुटायचा होता. बायका नेहमीसारख्या आल्या होत्या. त्यांतली एक मला नंतर म्हणाली, "गाणं ऐकू येत व्हतं म्हून आमी थांबलोच व्हतो. आबांनी हात वर केला, ऐकलं, आन् म्हणले, 'काय न्हाय, या.' आमी वरडलो, 'आबा, ट्रॅक्टर!' ते आमच्याकडं पाठ करून रस्त्यात गेल्यालं व्हतं." ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला होता. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन वळणावर जेवढं थांबता येतं तेवढा तो थांबला होता. त्याचं काही चुकलं नाही. बायकांतल्या एकीलाही खरचटलं नाही.

दहाव्याला सगळा तालुका लोटला. डाळिंबवाले होते, चाचा होते, त्या शिक्षिका होत्या. जो तो एकच विचारत होता. गाणी कोसभर ऐकू येत होती, मग कानवाल्या आबांना कशी ऐकू आली नाहीत? माझ्याकडे बघून विचारत होते, कारण मी त्यांच्या जवळचा.

"वारं उलटं असेल," मी म्हणालो.

ते लोकांना पटलं. आबांच्या कानात खोट निघण्यापेक्षा वाऱ्यात निघालेली बरी.

त्यांचा फॉर्म अजून माझ्या खणात आहे. बाकीचे केव्हाच वर पाठवले, हा राहिला. अक्षर माझंच आहे.

माणसं पांगल्यावर मी आक्कांना भेटायला आत गेलो. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. कुकरनं मोठी शिट्टी दिली आणि आम्ही दोघंही दचकलो. शिट्टी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमी सांगितलं व्हतं ना त्यास्नी?"

मी दाराबाहेर बघत राहिलो. ऐकू आलं नाही असं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.