बॅटरीच्या दोन्ही खुंटांना कुंकू

बायको जाऊन आता सव्वा वर्ष होईल. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीत सोडली, तेव्हा शुद्ध-अशुद्ध ज्याचं त्यानं बघून घ्यावं. ती कशी होती असं कोणी विचारलं की मी सांगतो, डोक्यानं माझ्यापेक्षा बरी होती. लोकांना वाटतं, दुःखात माणूस असंच बोलतो. म्हणून हा प्रकार लिहितो.

साठ सालच्या आगंमागं पौडच्या रस्त्याचं खडीकाम चालू होतं. मी ठेकेदाराच्या लॉरीवर क्लीनर. बायको त्याच कामावर घमेली वाहायची. लॉरी चालवायचे आमचे उस्ताद, पन्नाशीचे, एक भुवई नसलेले. लायसन काढून मला दीड वर्ष झालं होतं, पण उस्तादांनी चाक हातात दिलं असेल ते पुसायलाच. त्या दसऱ्याला ठेकेदारानं दुसरी लॉरी घेतली. जुनीच, पण आमच्यापेक्षा बरी. उस्ताद तिच्यावर जाणार. मग आमची लॉरी मला द्यायची की पुण्याहून ड्रायव्हर आणायचा, हे ठेकेदार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन ठरवणार होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवतानासुद्धा डावा पाय क्लच दाबायचा.

दसऱ्याला कामावर पूजा झाली. पहारी, घमेली, फावडी ओळीनं मांडली, दोन्ही लॉऱ्या धुतल्या. झेंडूच्या माळा घातल्या. बायकांनी हळदकुंकू लावलं. तिथं मी एक शहाणपणा केला. म्हटलं, लॉरीनं डोळे मिटून पूजा घ्यावी हे बरं दिसत नाही. म्हणून तिचे पुढचे दोन्ही दिवे लावले. पूजा झाली, नारळ फुटला, पोळ्या खाऊन, सोनं वाटून सगळे घरी गेलो. दिवे तसेच.

सकाळी किल्ली फिरवली. खुट्ट झालं आणि गप्प.

उस्ताद म्हणाले, "काय केलंस?"

"पूजेला डोळं उघडं ठिवलं व्हतं."

"तिनं मिटलं आता. ठेकेदार आला की तुजंबी मिटतील."

पुढनं हँडल घालून हातानं इंजन फिरवावं, तर गड्यांनी ते दगड उचकटायला वापरून वाकवलं होतं. ढकलावं, तर लॉरी खडीनं भरलेली आणि खोलगटात उभी. उस्ताद म्हणाले, नव्या लॉरीच्या बॅटरीवरनं करंट देऊ. त्यांनी ती लॉरी शेजारी आणून लावली, एकीचं अंग दुसरीला लागणार नाही अशी. दोन जाड वायरी काढल्या, टोकांना पितळी चिमटे. आणि मला पाठ म्हणायला लावलं.

"प्लसला प्लस. मायनसला मायनस. उलटं लागलं तर बॅटरी फुटून तेजाब तोंडावर. आणि शेवटचा चिमटा बॅटरीवर न्हाई लावायचा, लांब इंजनाच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडायची ती तितं उडू दे. बॅटरीतनं वायू निघतो, त्यो पेटतो."

"तुमाला कसं ठावं?"

उस्तादांनी नसलेल्या भुवईवर बोट ठेवलं.

बॉनेट उघडलं. बॅटऱ्यांवरची प्लस-मायनसची चिन्हं कधीच झिजली होती; प्लसच्या खुंटाला लाल रंगाचा ठिपका असायचा, ती आमची खूण. बघतो तर दोन्ही खुंट लालभडक, वर अक्षता चिकटलेल्या. नव्या लॉरीतही तेच. फडक्यानं पुसलं तर कुंकू तेलातलं, ते पसरून सगळी बॅटरीच लाल झाली.

"कुणाचा उद्योग ह्यो?" उस्ताद ओरडले.

माझी बायको घमेलं खाली ठेवून पुढं आली. "माजा."

"दोन्हीला कशापाई?"

"मग? एकाला लावायचं आन् दुसऱ्याला कोरडं ठिवायचं? सवतीसवतीत सुदिक आसं करत न्हाईत."

बायका हसल्या. उस्ताद हसले नाहीत. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई कापराची आरती पेटवून बॅटरीकडं निघाली. म्हणाली, देवाचं काय चुकलं असेल तर त्यालाच विचारू.

"आज्जे, हाय तितंच थांब," उस्ताद म्हणाले. "माजी एकच भुवई उरलीया."

म्हातारीनं तिथंच आरती ओवाळली, ठेकेदार ज्या वाटेनं येणार त्या वाटेला. वेळ संपत आली होती. म्हटलं, अंदाजानं लावू. चिमटा घेऊन पुढं झालो, तर बायकोनं मनगट धरलं. चारचौघांत तिनं मला हात लावला तो तेवढाच.

"अवं थांबा. तुमाला ह्यातला कंचा पायजे?"

"प्लसचा. तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई कळत. पर ह्यो खुंट जाडा हाय. ह्येला दोनदा बोट फिरवावं लागलं, त्यो एकदात झाला. त्या गाडीतबी तसंच."

उस्तादांनी दोन्ही खुंटांवरनं बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "प्लसच्या वायरीचा क्लॅम्प मायनसच्या खुंटाला ढिला बसतो." हे त्यांना वीस वर्षं ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ कधी काढला नव्हता. तरी त्यांनी माळेचा दोरा तोडून चारी खुंटांना गुंडाळून बघितला. ती म्हणाली तसंच निघालं.

आधी दिवे बंद केले. मग प्लसला प्लस, नव्या लॉरीच्या मायनसला तिसरा चिमटा, आणि चौथा उस्तादांनी तोंड फिरवून इंजनाला लावला. बारीक ठिणगी उडाली. नवी लॉरी चालू करून ठेवली, थोडा वेळ थांबलो, मग मला वर बसवलं. मी किल्ली फिरवली. लॉरी खोकली, परत खोकली आणि धडधडायला लागली. चिमटे निघाले तेही शेवटचा आधी, असे उलटे.

ठेकेदार आला तेव्हा मी चाकावर बसलेला आणि इंजन चालू.

"बॅटरी बसली व्हती म्हणं. कुणी चालू केली?"

"ह्यानंच बसवली आन् ह्यानंच उठवली," उस्ताद म्हणाले. "नजर बारीक हाय. द्या गाडी."

मी तोंड उघडलं होतं. पण ठेकेदार म्हणाला, "ने खडी भुकूमला," आणि मी ते मिटलं. बायको तोवर घमेलं डोक्यावर घेऊन गेलीही होती. माणूस लबाड असतो, मी काही वेगळा नव्हतो.

पहिल्या खेपेला गडी-बाया मागं खडीवर बसल्या, त्यांत तीही. मी इतका सावकाश चाललो की मागनं उस्तादांनी हॉर्न मारून विचारलं, वरात हाय का.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. म्हटलं, "तुजं नाव सांगायला पायजे व्हतं मी."

"सांगून मला थोडीच गाडी दिली आसती," ती म्हणाली. "आन् चालवताय तर नीट चालवा. भूगावच्या वळणाला गचका दिलात, दोघी जणी माज्या अंगावर आल्या."