भागम्मांची शाळा तपासणी

पालममध्ये भागम्मांच्या घरी माडीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहते आणि गावाबाहेरच्या सिस्टरांच्या शाळेत चौथीला शिकवते. भागम्मांची नात शिवकन्या त्याच शाळेत बालवर्गात आहे. त्यामुळं शाळेत काही बिघडलं की त्याचा जाब मला जिन्यात द्यावा लागतो. डबा तसाच परत आला, जिना. पायमोजा हरवला, जिना. घरमालकीण आणि पालक एकाच माणसात आल्यावर दुसरं काय होणार.

घर लिंगायत, दुकान खताचं. मुलगा शिवप्रकाश दुकान बघतो, सून त्रिवेणी दिवसभर शिवणाच्या मशीनवर असते. भागम्मांचे यजमान कल्याणराव गेल्यापासून संध्याकाळच्या पूजेला त्यांच्या पाटावर शिवकन्या बसते. आजी इष्टलिंग तळहातावर घेते, नात विभूतीचा गोळा सांभाळते, आणि शेवटी आजी स्वतःच्या आणि नातीच्या कपाळावर तीन बोटांनी तीन आडव्या रेघा ओढते. भागम्मांशी निवांत बोलणारं घरात तेवढं एकच माणूस, आणि ते पाच वर्षांचं.

माघातल्या एका संध्याकाळी पूजा आटोपली आणि शिवकन्येनं हात जोडून स्वच्छ आवाजात "आमेन" म्हटलं.

घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळे जेवले, पण ताटंसुद्धा वाजली नाहीत. मग भागम्मा जिन्यात आल्या.

"बाई, तुमी बुद्धाच्या. इतके वर्षं तिथं नोकरी करायलाव. तुमी झालाव का किरिस्तान?"

"नाही, मावशी."

"तुमी थोरल्या हाव. लेकराचं येगळं असतंय. आज आमेन म्हणायलीय, उद्या विभूती नको म्हणंल. मंग माझ्यापाशी कशाला बसंल ती?"

याचं उत्तर चौथीच्या पुस्तकात नव्हतं.

शिवप्रकाशनं नेहमीप्रमाणं दोन्ही बाजूंना पटेल असा निकाल दिला. "आई, तू सोता जाऊन बघ. तुला पटलं न्हाई तर पहिलीला तिथं नाव घालायचं न्हाई, गावातल्या शाळेत घालू." एवढं बोलून तो दुकानात गेला. त्रिवेणीला ही शाळा मनापासून हवी होती. तिचं मशीन त्या दिवशी फार जोरात चालत होतं.

भागम्मांचा कयास असा होता, की माणूस एकदम बाटत नाही. थोडं पहिलीत, थोडं दुसरीत, असं चौथीपर्यंत काम पुरं होत असणार. तेव्हा बालवर्गापासून वरपर्यंत सगळं बघायचं आणि लेकरांच्या गळ्यातलं लिंग नेमकं कोणत्या वर्गात काढून घेतात ते पकडायचं. साहेब लोक शाळा तपासायला येतात ते कळवून येतात. भागम्मा डबा घेऊन आल्या. मुख्याध्यापिका सिस्टर मार्था वैजापूरकडच्या. आज्यांची त्यांना सवय आहे. त्यांनी खुर्ची दिली आणि कोणत्याही वर्गात बसा म्हणाल्या. इतक्या सहज परवानगी मिळाल्यामुळं भागम्मांचा संशय वाढला.

बालवर्गात लेकरं पाटीवर रेघा ओढत होती. उभी ती स्टँडिंग लाइन, आडवी ती स्लीपिंग लाइन. एक लेकरू रेघ ओढता ओढता स्वतःच झोपलं होतं. भागम्मांनी शिवकन्येचा टाय उचलून पाहिला. खाली दोऱ्यात लिंग जागेवर होतं.

पहिलीत आत येऊ का, बाहेर जाऊ का, पाणी पिऊ का, हे इंग्रजीतून विचारायला शिकवत होते. "पाणी प्यायला बी विचारायचं?" भागम्मा म्हणाल्या. तरी शिस्त त्यांना आवडली. दुसरीत ओल्या कापसावर मूग ठेवले होते आणि पोरं मोडाकडं टक लावून बसली होती. भागम्मांनी वाकून पाहिलं आणि बाईंना सांगितलं, "उद्या उसळ होतीय याची. लय दिवस ठिवू नका, वास मारंल." तिसरीत जिल्ह्याचा नकाशा होता. एका पोरीनं चुडाव्याचं स्टेशन दाखवलं, एका पोरानं बोरी दाखवली. पालम दाखव म्हटल्यावर पोरानं बोट ठेवलं आणि अख्खं पालम त्या बोटाखाली गेलं. आपलं गाव एवढंसं असेल हे भागम्मांना कोणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी त्या माझ्या वर्गात आल्या. मी पुठ्ठ्याची भाकरी कापून अपूर्णांक शिकवत होते. एका भाकरीचे चार जणांत चार भाग.

"चौघात एक भाकर?" मागून आवाज आला. "कोण्या घरची म्हणावं ही?"

पोरं हसली आणि पाव म्हणजे किती हे त्या दिवशी कोणालाच समजलं नाही.

चौथी संपली. शाळा संपली. लिंग कुठंच काढलं नव्हतं, आणि त्यामुळं भागम्मा निराश दिसत होत्या. मी पोरांना रिक्षात बसवायला फाटकाशी गेले. पुढचं मला सिस्टर मार्थांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तो बुधवार त्यांचा राखेचा बुधवार होता. उपासाचे चाळीस दिवस त्या दिवशी सुरू होतात. शाळेत ख्रिस्ती म्हणजे दोन सिस्टर आणि वॉचमन. त्यांच्यासाठी परभणीहून फादर आले होते. शाळेलगतच्या प्रार्थनेच्या खोलीत ते राखेची वाटी घेऊन उभे होते आणि समोर तिघांची पाठमोरी रांग होती. भागम्मांनी दारातून पाहिलं. कपाळ, राख, बोट. पाच वर्ग पालथे घालून जे सापडलं नाही ते इथं सापडलं होतं, पण भलतंच निघालं. ही तर आपलीच माणसं.

त्यांनी आत जाऊन वाटीचा वास घेतला. "गवरीची न्हाई ही."

"झावळ्यांची आहे," सिस्टर मार्था म्हणाल्या.

"चालतंय. रोज लावता का?"

"वर्षातून एकदा."

भागम्मांना त्यांची दया आली. "असू द्या. सुरवात तर केलीव. सवय लागंल."

मग त्या रांगेत उभ्या राहिल्या. शिळ्या विभूतीवर नवी घ्यायची नाही, म्हणून सकाळच्या तीन रेघा त्यांनी पदरानं स्वच्छ पुसून काढल्या. राख कोणी मागितली तर फादर नाही म्हणत नाहीत. त्यांनी अंगठा कपाळावर फिरवला आणि म्हणाले, "तू माती आहेस आणि मातीलाच परत जाशील, हे लक्षात ठेव."

"ध्येनातच हाय," भागम्मा म्हणाल्या. "आमच्यात बी पुरतेतच. मालकाला पुरून दोन वर्षं झाली." आणि डोळे पुसत बाहेर पडल्या.

अशा रीतीनं, नात बाटते का हे बघायला गेलेल्या भागम्मा कपाळावर ठसठशीत क्रूस घेऊन भर बाजारातून घरी आल्या. वाटेत कापड दुकानवाले राजेश्वर लिंगायतांच्या रिवाजानं "शरणार्थी" असा नमस्कार घालायला उठले आणि अर्ध्यातच बसले. पालममध्ये असल्या गोष्टी ज्याच्या त्याला सांगत नाहीत, त्याच्या घरी कळवतात.

मी पोचले तेव्हा शिवप्रकाश दुकान सोडून ओसरीत उभा होता. त्यानं आईसमोर आरसा धरला होता.

"आई, तुला शाळा बघायला पाठवलं होतं."

भागम्मांनी आरशात पाहिलं आणि त्या खालीच बसल्या. हात कपाळापर्यंत गेला, पण पुसायचं धाडस होईना. राख घेतलेली होती, हात जोडून घेतलेली होती. "माझ्या हातानं माझ्या रेघा पुसल्या रे," एवढंच त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस जिन्यात मला धारेवर धरणारी बाई आता मुलाला जाब देत होती.

"झालं मंग," शिवप्रकाश म्हणाला. "पोरीला तिथं ठिवायचं न्हाई."

आत मशीन थांबलं. त्रिवेणी दारात आली.

शिवकन्या एवढा वेळ आजीच्या कपाळाकडं बघत होती. तिनं जवळ येऊन बोट ठेवलं. "एक स्टँडिंग लाइन. एक स्लीपिंग लाइन." मग मान हलवली. तिच्या बाई पाटी तपासताना हलवतात तशी. "आजी, तुझ्या दोन स्लीपिंग राहिल्या."

ती देवघरात गेली, विभूतीचा गोळा घेऊन आली, बोट थुंकीनं ओलं करायला निघाली तेव्हा त्रिवेणीनं पाणी आणून दिलं. एक रेघ वर, एक रेघ खाली. वाकड्या आल्या, पण तीन भरल्या. उभी रेघ मधोमध तशीच राहिली. तिच्याबद्दल शिवकन्येची काही तक्रार दिसली नाही.

"तीनच असतेत, हे कोणी शिकवलं तुला?" भागम्मांनी विचारलं. "सिस्टरनं?"

ढ पोराकडं बघावं तसं नातीनं आजीकडं पाहिलं.

"तूच की."

भागम्मांनी तिला मांडीवर ओढलं आणि बराच वेळ तिचा टाय नीट करत बसल्या, तो नीटच होता तरी. मग शिवप्रकाशला म्हणाल्या, "पहिलीला तिथंच नाव घाल तिचं. मी शिकवलेलं तिच्या ध्येनात हाय."

त्या संध्याकाळच्या पूजेला त्या चारही रेघांनिशी बसल्या. पूजा झाल्यावर शिवकन्या आमेन म्हणाली. भागम्मांनी विभूतीचा गोळा तिच्याच हातात राहू दिला आणि स्वतःचं कपाळ पुढं केलं.