शेवटघासकी

आमच्या दूध सोसायटीत दूध येईनासं झालं आणि मी शब्द तयार करायला लागलो.

बीडजवळच्या पालीला मी सोसायटीचा सचिव होतो. दुष्काळानं जनावरं चारा छावणीत गेली, कॅन पालथे पडले. पण सचिवानं खुर्चीत बसायचं, हा नियम काही कुणी रद्द केला नाही. बसल्या बसल्या गोडाची आठवण यायची. गोड मिळत नव्हतंच, मग निदान त्याचे शब्द तरी! मराठीत रडायला ढीगभर शब्द, आणि पुरणाचा पहिला घास विरघळताना जे होतं त्याला एकही नाही? हा अन्याय दूर करायचं मी मनावर घेतलं. जिभेला गोडाची ओळख पटते ते 'जिभळणं'. तूप मनगटावरून कोपराकडं निघतं ती 'तुपवाहिनी'. डोळे आपोआप मिटतात ती 'पुरणगुंगी'.

माझी बायको कुसुम म्हणायची, "दुधाचं बगा कायतरी. शब्दाला फॅट लागत न्हाई!"

त्याच साली अधिक महिना आला. धोंड्याचा महिना! या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं आणि पुरण भरलेले धोंडे तुपाशी खाऊ घालायचे. माझं सासर आष्टीकडं. तिथं प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येत होतं. पण सासऱ्यांकडं, म्हणजे मामांकडं, साखर कारखान्याचा एक शेअर होता. (कॅनॉल येणार म्हणून घेतलेला. कॅनॉल आला नाही, ऊस झाला नाही, शेअर तेवढा राहिला!) त्या शेअरवर सभासदाची स्वस्तातली थोडी साखर घरी आली होती. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, ती डब्यात बंद करून ठेवली होती. जावयाच्या धोंड्याशिवाय हात लावायचा नाही!

पंगतीला मी आणि मामा. वाढायला मेव्हणी रेखा. मामी आणि कुसुम आत चुलीपाशी, दाराआड. मामा एका धोंड्यावरच हात धुऊन उठले. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं.

"कसा झालाय धोंडा, दाजी?" रेखानं विचारलं.

"रेखा, मी जिभळलो!"

"आं? मंजी चटका बसला का काय?"

मी समजावून सांगितलं. दाराआडून मामींचं हसू फुटलं. कोरड्या विहिरीत बादली आपटावी आणि खाली पाणी निघावं, तसं हसू!

"लई ग्वाड बोलत्यात गं जावईबापू. वाढ आनकी एक!"

झालं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दाला भाव मिळाला, आणि तोही साजूक तुपात. मी 'तुपवाहिनी' सांगितली, प्रात्यक्षिकासह. एक धोंडा आला. 'पुरणगुंगी' सांगितली, डोळे मिटून दाखवली. उघडले तर पानात आणखी एक!

आतून कुसुमच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं, कौतुक. मग ती खोकली. मला वाटलं, धूर. मग एक थाळी दाणकन खाली पडली. मी ती टाळ्यांत धरली!

आता पोट भरलं होतं, पण शब्द उरले होते. (माझं कायम हेच होतं!) मी ठेवणीतला काढला. "मामी, पानातला गोडाचा शेवटचा घास दिसायला लागला की काळजात कसंसंच होतं. त्याला मी म्हणतो 'शेवटघासकी'."

"आन तुमाला आता ती झालीया?" मामींनी काळजीनं विचारलं.

"थोडीशी," मी विनयानं म्हणालो.

"आगं बया! धोंड्याच्या महिन्यात नारायन नाराज? रेखे, वाढ! का गं उभी ऱ्हायलीस?"

"आई, आता..."

"वाढ म्हनलं न्हवं!"

पातेल्याच्या बुडाशी पळी खरवडल्याचा आवाज आला. शहाणा माणूस तिथंच हात आडवा धरतो. मी त्या आवाजालाही एक शब्द सुचवला!

तृप्त होऊन हात धुवायला परसात निघालो. वाटेत चुलीपाशी नजर गेली. तिघीजणी जेवायला बसल्या होत्या. भाकरी आणि ठेचा. मधे धोंड्याचं रिकामं पातेलं, आणि रेखा त्याच्या कडेनं बोट फिरवत होती.

"मामी, तुम्हाला धोंडे?"

"आमाला? छ्या! आमाला ग्वाड सोसत न्हाई," मामी म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला.

परतीच्या एसटीत कुसुम खिडकीकडं तोंड करून बसली. बीड जवळ आल्यावर म्हणाली, "आईला पुरन जीव की प्रान हाय. साखर आल्यापसून चिमूटभर तोंडात टाकली न्हवती तिनं. म्हनली हुती, जावई जेवले की आपुन पोटभर खाऊ."

"मग मला थांबवायचं नाही का?"

"किती थाळ्या पाडू?"

पुढच्या अधिकाला मामींना जे हवं ते खाऊ घालू, असं मी मनाशी पक्कं केलं. पण अधिक महिना काही माझ्या सोयीनं येत नाही. तो तीन वर्षांनी आला. तोवर पाऊस झाला होता, डबा साखरेनं भरला होता, आणि मामींना साखरेचा आजार जडला होता. डॉक्टरनं गोड कायमचं बंद केलं.

या खेपेला मामी दाराआड गेल्या नाहीत. माझ्या पानात स्वतः धोंडा वाढला, तूप सोडलं आणि समोर मांडी घालून बसल्या.

"बोला जावईबापू. खायला बंदी हाय, ऐकायला न्हाई. कसा लागतूय?"

मी घास घेतला. तीन वर्षांत तयार केलेले किती शब्द जवळ होते! एकही बाहेर पडेना. मामी वाट बघत होत्या. त्यांचे ओठसुद्धा माझ्या तोंडाबरोबर हलत होते.

"मामी... गोड आहे."

"येवडंच?"

"एवढंच."

मामींनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! येवड्यासाटी मी त्या साली आख्खं पातेलं खाऊ घातलं व्हय!"