दुधातली दुसरी साखर

वैद्यकीय कॉलेजच्या जीवरसायन विभागात तिला सगळे काचताई म्हणत. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, जे काही काचेचं असेल ते तिच्याच हातून धुऊन निघायचं. नळीला जरासा डाग राहिला तर प्रयोग खोटं बोलतो, असं ती नव्या मुलांना बजावायची. तेवढंच तिचं बोलणं. घरी बोलायला कुणी नव्हतं. एका माणसाच्या स्वयंपाकाचा अंदाज तिला कधी जमलाच नाही, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस ती शिळंच खायची.

कधीकाळी तिचाही संसार होता. मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवसापासून बाळ दूध ओकायला लागलं, मग पिवळं पडलं, मग पोट फुगलं. अशक्त झालंय, आणखी पाज, असं ज्यानं त्यानं सांगितलं आणि ती पाजत राहिली. अकराव्या दिवशी बाळ गेलं. डॉक्टरांनी कावीळ, जंतुसंसर्ग असं काहीबाही सांगितलं. सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला, हिच्या दुधातच दोष. नवरा शिंपी होता, मुळात अबोल. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्या मुकेपणानं घर आतून पोखरलं. दोन वर्षांनी तिनं बॅग भरली, तेव्हाही थांब म्हणायला कुणी उठलं नाही.

या गोष्टीला एकोणीस वर्षं होऊन गेली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना विभागातल्या मॅडम पेशींचं रसायन शिकवत होत्या. काचताई मागे बेसिनपाशी नळ बारीक सोडून ऐकत होती. ते तिला आवडायचं. पेशीत हजारो एन्झाइमं असतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं, एक नसलं तर त्याचं काम दुसरं करत नाही, एवढं तिलाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्या दिवशी मॅडमनी एका बाळाच्या लघवीच्या नमुन्यात निळं द्रावण घालून तापवलं. ते विटकरी झालं, म्हणजे साखर आहे. पण फक्त ग्लुकोज ओळखणारी पट्टी बुडवली तर ती कोरीच. मग ही साखर कुठली, असं त्यांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "दुधातली साखर फुटली की दोन साखरा होतात. एक ग्लुकोज, दुसरी गॅलॅक्टोज. काही बाळांत ही दुसरी साखर मार्गी लावणारं एन्झाइम जन्मापासूनच नसतं. दूध पोटात गेलं की ती साचत जाते. बाळ ओकतं, पिवळं पडतं, यकृत बिघडतं. वेळेवर कळलं आणि दूध बंद केलं तर वाचतं."

तास संपेपर्यंत काचताई एकच नळी धूत होती.

मुलं गेल्यावर तिनं मॅडमना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. मॅडमनी स्टूल ओढून तिला बसवलं. आज खात्रीनं काही सांगता येणार नाही, पण लक्षणं जुळतात, असं त्या म्हणाल्या. दोष दुधात नव्हता. दुसऱ्या कुठल्याही आईचं दूध असतं, अगदी गाईचं असतं, तरी हेच झालं असतं.

"पण पाजलं मीच ना," काचताई म्हणाली.

मॅडम एवढंच म्हणाल्या, की असा आजार आईबापांकडून निम्मा निम्मा येतो; दोघांच्याही रक्तात ते एन्झाइम निम्मंच असतं, पण त्यांना स्वतःला त्रास होत नाही. रक्त तपासून घ्या. तिनं रक्त दिलं. तिच्या रक्तात ते एन्झाइम निम्मंच भरलं.

रिपोर्ट पर्समध्ये घालून ती नवऱ्याच्या दुकानात गेली. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, एक मुलगी होती. त्याचे केस पिकले होते. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, वरचं कापड उचलून.

"तुमची मुलगी मोठी होतेय," ती म्हणाली. "उद्या तिच्या लेकराला त्रास नको, तुम्हीही रक्त तपासून घ्या, म्हणून सांगायला आले." मग मॅडमनी समजावलं होतं तसंच तिनं त्याला समजावलं.

त्यानं कागद दोनदा वाचला. "म्हणजे आई बोलली ते खोटं होतं."

"त्यांचं बोलणं खोटं होतं. तुमचं गप्प बसणं खरं होतं."

त्यानं कागदाची घडी घालून तो तिला परत दिला. मग विचारलं, "तिला दुखलं असेल का गं?" बाळाबद्दल तो तिच्याशी काही बोलला तो हा पहिलाच प्रश्न. खोटं सांगणं सोपं होतं. पण ती हो म्हणाली. एवढ्यात गिऱ्हाईक आलं, तो टेप घेऊन उठला आणि ती निघाली.

महिन्याभरानं विभागात तिच्यासाठी फोन आला.

"माझंही निम्मंच आलं," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

पलीकडे शिलाई मशीन चालल्याचा आवाज तेवढा येत होता. फोन आधी कुणी ठेवला, ते तिला नंतर आठवेना. मॅडम म्हणाल्या, घरी जा आज. पण घरी जाऊन करायचं काय, म्हणून ती विभाग बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिली.