उजेड न देणारा हीटर

अजगर सहा फुटांचा होता. भातकापणीच्या दिवसांत, रानडुकरांसाठी खाचराच्या कडेला लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात तो अडकला आणि सुटायच्या धडपडीत जाळ्यानं त्याची कातडी दोन ठिकाणी कापली. पुण्याच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात जागा नव्हती. वनरक्षकानं लेखी परवानगी आणून दिली आणि तो विंझरजवळच्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत आला. वर्तमानपत्रातली नोकरी संपवून मी तिथं राहायला गेले होते.

भोरहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली. साप स्वतःची ऊब तयार करत नाही. थंडीत अंग गार राहिलं तर जखम भरत नाही आणि खाल्लेलं पोटात कुजतं. आमच्या वेल्ह्याकडची थंडी हाडात शिरते. म्हणून पाच फुटी प्लायवूडची पेटी करून घेतली, पुढं काच, वर जाळी. सिरॅमिकचा हीटर जाळीच्या वर, म्हणजे पेटीच्या बाहेर टांगला, कारण आत लावलेल्या हीटरला साप वेढा घालतो. होल्डर चिनी मातीचा, कारण प्लॅस्टिकचा वितळतो. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटची तार आत, सापाच्या अंगाच्या उंचीवर बांधली. एक टोक बत्तीस अंशांवर आणि दुसरं गार, तिथं पाण्याचं भांडं. म्हणजे कुठं बसायचं ते अजगर ठरवेल. या कामाला मला चार दिवस लागले. ते चोख झालं होतं, आणि हे मी आजही म्हणते.

जानेवारी संपता संपता जखमा मिटल्या. थंडी ओसरली की सोडू, असं वनरक्षक म्हणाला. पंधरा दिवसांचा प्रश्न होता.

तेव्हा मला दोन दिवस पुण्याला जावं लागलं. शेजारच्या पोल्ट्रीवाल्या मामांना मी लक्ष ठेवायला सांगितलं. वीस वर्षं त्यांची कोंबड्यांची शेड आहे. एका कागदावर चार सूचना लिहून काचेला चिकटवल्या. पाणी बदलावे. दार उघडे ठेवू नये. काही अडचण आल्यास फोन करावा. हीटरला हात लावू नये.

परत आले तेव्हा मामा दारातच उभे होते, खुशीत.

"ताई, तुमचा हीटर बंद पडला व्हता. पर काळजी नगं. म्या केलीया सोय."

पेटीच्या दाराच्या फटीतून एक वायर आत गेली होती. तिच्या टोकाला प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये दोनशे वॅटचा बल्ब, पिल्लांच्या शेडमधला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. अजगर त्याला वेढा घालून बसला होता. माझ्या हीटरचा प्लग काढून बाजूला ठेवलेला होता.

मी आधी बल्ब बंद केला. मग बोलले.

"हीटर बंद आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"उजेड कुठं व्हता त्याला?"

"तो उजेड देत नाही. नुसता तापतो."

"आता ह्ये मला कसं कळावं? हात लावू नगा आसं तुमीच लिवलंय. न्हाई लावला."

"आणि साप भाजतोय हे दिसलं नाही?"

मामांनी मला शांतपणे समजावलं, जसं नवख्याला समजावतात. पिल्लांना ऊब जास्त झाली की ती बल्बापासून लांब पांगतात. मग बल्ब वर ओढायचा. कमी पडली की बल्बाखाली गर्दी करतात. मग खाली सोडायचा. "ह्यो तर बल्बाला बिलगूनच बसला. म्हनलं, ह्याला लईच थंडी वाजतीया. म्हून आजून चार बोटं खाली घेतला."

त्यांच्या मागून मामी आल्या होत्या. त्यांनी काचेतून आत पाहिलं. "जनावर भाजलंय आन् ह्ये कौतिक सांगत्यात! तुमास्नी कोंबड्याबिगर काय दिसतंय का?"

साप लांब सरकत नाही. कातडी भाजली तरी ऊब सोडत नाही. त्याच्या पोटाकडच्या अंगावर तळहाताएवढे तीन डाग होते, खवले पांढरे पडून सुटलेले. मी मामांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढत गेला. वीस वर्षांचा अनुभव, आणि त्या अनुभवानंच घात केला. काहीच माहीत नसलेल्या माणसानं प्लग काढला नसता.

एक नोंद राहिली. मी पुण्यात असताना मामांचे दोन फोन आले होते. मी एका जुन्या सहकाऱ्याच्या समारंभात पहिल्या रांगेत बसले होते. दोन्ही न उचलता कापले.

डॉक्टर म्हणाले, "भाजल्यावर साप खाणं सोडतो. यानं खाल्लं तर जगेल."

त्यानंतर दर आठवड्याला मामा एक लहान, निरोगी कोंबडी कापून आणत. मी ती दारातच घेत असे. आत या म्हणत नसे. पहिल्या खेपेला अजगरानं मान वळवली. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या खेपेला कोंबडी सकाळी तशीच पडलेली होती, मी ती पुरली. मामा कुंपणापलीकडून विचारत, "खाल्लं का?" मी नुसती मान हलवून नाही म्हणे. एवढ्या दिवसांत मी त्यांच्याशी पुरतं वाक्य बोलले नाही. काचेवरचा कागद मी काढला नव्हता. रोज पाणी बदलताना चौथी सूचना वाचली जाई. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली, आणि हा हीटर उजेड देत नाही, एवढं एक वाक्य मला लिहायचं सुचलं नाही. हेही मी मामांना सांगितलं नाही.

पाचव्या कोंबडीला अजगरानं दुपारी वेढा घातला आणि अर्ध्या तासात ती गिळली. मी स्टुलावर बसून अखेरपर्यंत पाहिलं. बाहेर आले तर कुंपणापलीकडे मामा खाद्याची पोती उतरवत होते. त्यांनी वर पाहिलं. मी तशीच आत गेले.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"कवा खाल्लं?"

"काल दुपारी."



"मंग फोन करायचा की, ताई," ते म्हणाले. "म्या उचलला असता."