चाड्यासाठी केलेला लाकडी वाइस

ड्रिलचे बिट लाकडात अडकले आणि चाडे माझ्या हातातून सुटले. गरगर फिरून ते माझ्या मनगटावर आदळले आणि भिंतीपाशी जाऊन पडले. मिस्तरींनी धावत येऊन मशीन बंद केली.

"हात दाखव. बोटं हालव."

मी हालवून दाखवली. हाड शाबूत होते, पण मनगट सुजायला लागले होते.

"आता या मशीनले हात लावायचा नाई," मिस्तरी म्हणाले. "चाड्याचं काम मी अकोल्याले पाठवतो."

मानोऱ्याच्या रस्त्यावर मिस्तरींचे शेतीच्या अवजारांचे वर्कशॉप आहे. मी तिथे आधी झाडझूड आणि रंगकाम करायची. ड्रिल चालवणारा माणूस पुण्याला निघून गेला, तेव्हा मिस्तरींनी मला मशीन शिकवली. त्यामुळे आम्ही गावात राहू शकलो. नाहीतर दरवर्षी ऊसतोडीला जावे लागते आणि पोरीची शाळा बुडते. माझी चौथीनंतर अशीच बुडाली, ती कायमची. मशीन हातातून गेली तर आम्ही पुन्हा ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसणार, हे मला तिथल्या तिथे कळले.

चाडे शहरातल्या माणसाला माहीत नसते, म्हणून सांगते. तिफन हे पेरणीचे अवजार. तिच्यावर लाकडी वाटीसारखे चाडे बसवतात. बैल पुढे चालतात आणि मागून बाई त्या वाटीत मुठीने बी सोडत जाते. वाटीच्या बुडाला तीन भोके असतात. त्यांतून बी नळ्यांमध्ये उतरते आणि तीन तासांत, म्हणजे जमिनीतल्या तीन ओळींत, पडते. एखादे भोक वाकडे गेले, तर एका तासात दाट पडते आणि दुसऱ्यात विरळ. मी लग्नाआधीपासून चाड्यावर मूठ धरली आहे. वाकड्या चाड्याने काय होते ते मला उगवलेल्या शेतात दिसलेले आहे.

ही भोके पाडताना चाडे घट्ट धरावे लागते. धरायचे काम वाइस करतो. वाइस म्हणजे दोन जबडे आणि एक स्क्रू. स्क्रू आवळला की जबडे जवळ येतात. आमच्याकडे लोखंडी वाइस होता, पण चाड्याची कड पातळ असते. जरा जास्त आवळले की ती तडकायची. म्हणून मी हातानेच धरायची.

दुसऱ्या दिवशी मी मिस्तरींपुढे जाऊन उभी राहिले. मी वर्कशॉपमध्ये फार बोलत नाही. विचारले तेवढेच सांगते.

"मिस्तरी, लाकडाचा वाइस करू का?"

"लाकडाचा? वाइस करून राह्यली का पोळपाट?"

"लोखंडानं चाडं फुटते. लाकडानं नाई फुटनार."

त्यांनी चष्मा वर केला. "मेडशीचा दुकानदार सोमवारी माल पाहाले येते. तोवर जमव. नाई जमलं, तर काम अकोल्याले गेलं समज."

वर्कशॉपच्या मागे मोडक्या वखराचे बाभळीचे लाकूड पडले होते. वाळून दगडासारखे झाले होते. त्याचे दोन जबडे कापले. खाली सागवानी फळी घेतली. एक जबडा फळीवर पक्का केला. दुसरा मागेपुढे सरकावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या. स्क्रूसाठी भंगारातल्या ट्रॉलीचा लांब बोल्ट मिळाला. त्याचा नट फळीच्या टोकाला ठोकळ्यात बसवला.

पहिल्यांदा जबडा पुढे गेला, पण परत येईना. बोल्ट त्याला ढकलत होता, ओढत नव्हता. मग बोल्टचे टोक जबड्यातून आरपार घेतले, जबड्याच्या दोन्ही बाजूंना वायसर टाकले आणि दोन-दोन नट एकमेकांवर आवळले. आता जबडा बोल्टबरोबर जायचाही आणि यायचाही.

शेवटी दोन्ही जबड्यांत समोरासमोर तिरप्या बाजूंच्या खाचा काढल्या. गोल वस्तू सपाट जबड्यांत दोनच ठिकाणी टेकते. खाचांमध्ये चार ठिकाणी टेकते, म्हणून ती फिरत नाही.

सोमवारी मी येऊन पाहते, तर मिस्तरी वाइसपुढे बसलेले. वाटीत हळद आणि तेल.

"पोळ्याले बैलाचे खांदे मळतो का नाई आपण? मंग नवं अवजार कोरडं कसं जुंपावं?"

त्यांनी फळीला तेल लावले. जबड्यांना लावले. खाचांमध्ये तर बोट घालून घालून चोळले. तेलाने पकड सुटणार, हे मला दिसत होते. सांगावेसे वाटत होते, पण तोंड उघडले नाही. त्यांनी नारळ फोडला. तेवढ्यात दुकानदार आला.

मी चाडे आवळले आणि मशीन सुरू केली. बिट लाकडात शिरले आणि चाडे खाचेतल्या खाचेत फिरायला लागले. भोक लांबट झाले. चाडे वाया गेले.

दुकानदार हसला. "बाई, हे चाडं हाय का जातं? फिरूनच राह्यलं!"

मिस्तरींनी खिशातून मोबाइल काढला. अकोल्याला फोन लावायचा होता.

"मिस्तरी, थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "जबड्याले तेल लागलं. त्यानं सटकून राह्यलं."

"म्हंजे माह्या पूजेनं बिघडलं?"

"पूजेनं नाई. तेलानं."

दुकानदार आता हसत नव्हता. मिस्तरी म्हणाले, "लाकडानं पेलं ते तेल. आता पुसून निघनार नाई. आन् पूजेचं कोनी पुसते का?"

"पुसत नाई. झाकते."

मळणीयंत्राचा एक तुटका पट्टा कोपऱ्यात पडला होता. रबराचा, आत जाड कापड असलेला. त्याचे तुकडे कापून मी खाचांमध्ये खिळ्यांनी ठोकले. खिळ्यांची डोकी आत दाबली, म्हणजे चाड्यावर ओरखडे येणार नाहीत. दुसरे चाडे लावले, आवळले.

"आता फिरवून पाहा," मी दुकानदाराला म्हटले.

त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. टेबल हलले. चाडे हलले नाही.

मशीन सुरू केली. भुसा सरळ वर आला. एक भोक, मग दुसरे, मग तिसरे. कड कुठे तडकली नाही, वळ उमटला नाही. दुकानदाराने खिशातून मूठभर सोयाबीन काढले. "आता पाहू दे."

मी चाडे उचलून धरले आणि तेच बी माझ्या मुठीतून सोडले. खाली फरशीवर तीन सारखे ढीग पडले. दुकानदार उकिडवा बसला, या ढिगाकडून त्या ढिगाकडे पाहत राहिला.

"मिस्तरी, माह्या साऱ्या मालाले याच बाईचा हात पाह्यजे."

"मंग आनखी कोनाचा राहीन? मशीन तिचीच हाय," मिस्तरी म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीचा मुकादम दारात आला. मी आत होते. माझा नवरा त्याला म्हणाला, "औंदा आमी येत नाई. बायको ड्रिल मशीनवर हाय." पोरगी अंगणात अभ्यास करत होती. तिने वरसुद्धा पाहिले नाही.

कोणाला असा वाइस करायचा असेल, तर तेल फक्त स्क्रूच्या आट्यांना द्यावे. जबडे कोरडे ठेवावेत. आणि मालक चुकत असेल, तर नारळ फुटायच्या आधी सांगावे. नंतर सांगितले, तरी एक चाडे वाया जातेच.