पुनवेची धाव

आमच्या गावात अश्विनातल्या पुनवेला पहाटे धाव निघायची. गावच्या वेशीपासून तुळजापूरच्या देवळाच्या महाद्वारापर्यंत, तीन कोस, अनवाणी. प्रत्येक घरानं आपला एक माणूस पळवायचा. बक्षीस वगैरे काही नव्हतं आणि पहिला कोण आला हे लोक दुपारच्या जेवणापर्यंत विसरून जायचे. महाद्वारापाशी गावचा गुरव उभा असायचा. पळणारा दिसला की त्याच्या घराचं नाव घेऊन तो ओरडायचा, "घर आलं!" शेवटचं घर आल्याशिवाय गावाचा नैवेद्य आत जात नसे. ज्या घरात मयत झालेलं असेल, ते घर तेवढं त्या वर्षी थांबायचं. त्यामुळं कोण पळालं नाही, हे मात्र कुणी विसरत नसे.

आमच्या घरचा थोरला भाऊ पळायचा. वडील गेल्यापासून तोच. हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि आम्ही मात्र निजामाचेच राहिलो, त्या वर्षी श्रावणात तो सरहद्द ओलांडून निजामाशी लढणाऱ्यांच्या बार्शीकडच्या छावणीत गेला. कुणी विचारलं की आई सांगायची, सोलापूरला गिरणीत लागलाय. सगळ्या गावाला खरं ठाऊक होतं आणि सगळं गाव मान डोलवायचं. भादवा सरत आला तरी निरोप नव्हता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आडावर कुणीतरी आईला म्हणालं, "औंदा तुमचं घर थांबलं तरी चालंल की." आई घरी आली, घागर उतरवली आणि मला म्हणाली, "औंदा तू पळायचं."

मी तोवर बैलामागंसुद्धा पळालो नव्हतो. बैलच माझ्यासाठी थांबायचे. शिवाय उर्दू शाळेत चार बुकं शिकलेला असल्यामुळं बसून राहण्यात मला विशेष गती होती.

"माय, मला न्हाय जमायचं," मी म्हणालो.

"न्हाय जमलं तर चालत जा. रांगत जा. पन घर थांबलं तर लोक काय समजतील? माझं लेकरू हाय, कळलं का? हाय."

ती पाठ फिरवून चुलीपुढं बसली. भाऊ जिवंत आहे हे गावाला, आणि गावापेक्षा स्वतःला, पटवायचा तिच्याकडं एवढाच मार्ग होता. मग मी वाद घातला नाही.

पळायचं शिकवणार कोण? गावात अंग कमावायची जागा एकच, तालीम. आणि शिकवणारा माणूस एकच, तालमीचे उस्ताद. तरुणपणी हैदराबादेत कुस्त्या मारून आलेले मुसलमान म्हातारे. भाऊ त्यांचा लाडका पठ्ठा. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, सुस्कारा टाकला आणि कामाला लावलं. "बैठकां मारो, बेटा. टांगां मजबूत हुए तो सडक अपने आप कटती." मी बैठका मारल्या, जोर काढले, हौद्यातली माती उकरली. वरून भिजवलेले हरभरे आणि तूप घातलेलं दूध. कोजागिरी जवळ येईपर्यंत माझ्या मांड्या अशा भरल्या की धोतर आखूड पडायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पळायचंय का कुनाला चीत करायचंय रे?" हसलो सगळेच. पण पळणाऱ्याला एकदा तरी सडकेवर पळवून बघावं, हे त्या शहाण्या गावात कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

दिवस वाईट होते. सडकेवरून रझाकारांच्या लॉऱ्या जायच्या, संध्याकाळी लोक दारं लावून घ्यायचे. पाटलांनी धावेची इजाजत तहसिलातून कशीबशी आणली. उस्तादांनाही दोन्हीकडून बोलणी खावी लागत होती. पण पुनवेच्या पहाटे ते वेशीपाशी आले आणि माझ्या कमरेला शेला त्यांनीच बांधला. "भाई की जगह दौड रहा तू," ते म्हणाले. "पीछे रहा तो चलता. बैठना नको."

पहिल्या ओढ्यापर्यंतच सगळे पुढं निघून गेले. माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या. बैठकांनी उठायचं-बसायचं बळ आलं होतं, पळायचं नाही. बायका रात्रीच बैलगाड्यांनी पुढं गेल्या होत्या, त्यांत आईही होती. उजाडलं तेव्हा सडकेवर परगावच्या यात्रेकरूंत आमच्या गावचा म्हणावा असा मी एकटाच उरलो होतो.

घाटाच्या अलीकडं एका बाभळीखाली कवड्यांची माळ घातलेला एक माणूस बसला होता. मी जवळ येताच तो उठला आणि माझ्याबरोबर पळायला लागला.

"थांबू नगं, माझ्याकडं बघू नगं," तो म्हणाला. "फुडं पोलीस हायत. तू त्येचा धाकटा न्हवं? मला छावनीतनं धाडलंय. तू एकटा मागं पडलास म्हनून गाठता आलं."

मी पळत राहिलो.

"तापानं गेला. पंधरा दिवस झालं. अग्नी आमीच दिला." त्यानं एकदा मागं वळून सडक पाहिली. मग म्हणाला, "लई गुनाचा होता," आणि यात्रेकरूंच्या घोळक्यात मिसळून गेला.

मला आधी राग आला. त्या माणसाचा, छावणीचा, तापाचा. इतका चपळ माणूस अंथरुणावर पडून मरावा, हे काही केल्या पटेना. मग रडू आलं. रडताना श्वास पुरत नाही, म्हणून पळता येईना, आणि बसू तर दिलं नव्हतं कुणी. चालत, पळत, पुन्हा चालत मी घाट चढलो. चढताना एकच विचार डोक्यात फिरत होता. लांबच्या मयताचं सुतक ऐकल्यापासून लागतं. मी ऐकलं होतं. आईनं ऐकलं नव्हतं. मी तोंड मिटून ठेवलं, तर निदान आजचा दिवस तिचा मुलगा होता. ती आत जाईल, देवीपुढं त्याच्यासाठी पदर पसरेल. मी तेवढा उंबऱ्याबाहेर थांबलो की झालं. पायात गोळे आलेत म्हणून सांगायचं.

महाद्वार दिसलं. गुरवानं मला पाहिलं, हात वर केला आणि आमच्या घराचं नाव घेऊन ओरडला, "घर आलं!" बाकीचे आधीपासून खोळंबले होते, त्यांनीही सुटल्यासारखा एकच गलका केला. आई नैवेद्याचं ताट घेऊन अगदी पुढं उभी होती. तिचा चेहरा इतका फुलला होता की मला तिच्याकडं बघवेना.

लोक आत जायला लागले. मी पायरीच्या अलीकडं उभा राहिलो.

"चल की," आई म्हणाली.

"तू जाऊन ये, माय. माझ्या पायात गोळे आलेत."

ती दोन पावलं आत गेली आणि वळली. माझ्या पायांकडं तिनं पाहिलंच नाही. उंबऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. त्यानंतर शेजारणीच्या हातात ताट देऊन ती पायऱ्या उतरून बाहेर आली. तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. खाली बसून दोन्ही हातांनी ती पाय चोळू लागली. आत गर्दी अजून ओरडत होती, आलं, आलं, घर आलं.

मान वर न करता तिनं विचारलं, "कवा?"